दात सरकतात कसे? तारा, ब्रॅकेट आणि पारदर्शक साचे

सातवी-आठवीच्या वर्गात दोन-चार मुलांच्या दातांवर तारा असणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. त्या पाहून एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, "सर, दात तर हाडात घट्ट बसलेले असतात. मग एवढ्याशा तारेने ते सरकतात कसे?" पालकसभेत प्रश्न वेगळा असतो. "हल्ली तारा न लावताही दात सरळ होतात म्हणे. मग मुलीला दोन वर्षे तारांचा त्रास कशाला द्यायचा?"

वरवर पाहता पहिला प्रश्न विज्ञानाचा आणि दुसरा व्यवहाराचा वाटतो. पण पहिल्याचे उत्तर कळल्याशिवाय दुसऱ्याचे उत्तर देता येत नाही. म्हणून सुरुवात दाताच्या मुळापासूनच करू.

दात हाडात चिणलेला नसतो

भिंतीत खिळा ठोकावा तसा दात जबड्यात रुतलेला असतो, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात दाताचे मूळ आणि हाड यांच्यात सुमारे पाव मिलिमीटर रुंदीची फट असते. ही फट रिकामी नसते. मुळापासून हाडापर्यंत ताणलेल्या असंख्य बारीक तंतूंनी ती विणलेली असते. बाजेची सुतळी जशी झोपणाऱ्याला तोलून धरते, तसे हे तंतू दाताला तोलून धरतात. या थराला आपण दंतबंध म्हणू. त्यात रक्तवाहिन्या असतात, मज्जातंतू असतात आणि हाड बांधणाऱ्या व हाड विरघळवणाऱ्या पेशींची ये-जा असते.

दातावर एका बाजूने हलका पण सतत जोर दिला, की ज्या दिशेला दात ढकलला जातो तिकडचा दंतबंध दाबला जातो आणि मागच्या बाजूचा ताणला जातो. दाबाच्या बाजूला काही दिवसांतच अस्थिभक्षक पेशी जमतात आणि तिथले हाड विरघळवू लागतात. ताणाच्या बाजूला अस्थिजनक पेशी नवे हाड रचू लागतात. पुढची भिंत पाडत जायची आणि मागची बांधत यायची, असे हे काम चालते. म्हणजे दात हाडातून घासत जात नाही. दाताच्या भोवतीचे हाडच जागा बदलते आणि दात आपल्या खोबणीसकट पुढे सरकतो.

दात सरकवता येतात हे माणसाला फार आधीपासून ठाऊक होते. फ्रान्समधील पिएर फोशार याने 1728 साली प्रसिद्ध केलेल्या दंतवैद्यकावरील ग्रंथात धातूच्या वक्र पट्टीला दोऱ्याने दात बांधून ते ओळीत आणण्याची रीत दिली आहे. पण आत नेमके काय घडते ते कळायला विसावे शतक उजाडावे लागले. स्वीडनच्या कार्ल सँडस्टेट याने 1904-05 च्या सुमारास कुत्र्यांचे दात तारेने सरकवले आणि नंतर जबड्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. एका बाजूला हाड झिजलेले आणि दुसऱ्या बाजूला नवे हाड भरलेले त्याला दिसले.

जास्त जोर म्हणजे जास्त वेग नव्हे

सँडस्टेटला आणखी एक गोष्ट दिसली होती. जोर फार दिला, तर दाबाच्या बाजूचा दंतबंध काचेसारखा एकसंध आणि निर्जीव दिसत होता. कारण उघड आहे. दाब वाढला की बारीक रक्तवाहिन्या मिटतात, रक्त पोचत नाही आणि तिथल्या पेशी मरतात. पेशीच नाहीत म्हटल्यावर हाड विरघळवणार कोण? मग शरीराला मागच्या बाजूने, हाडाच्या आतून पोखरत यावे लागते. तोवर दोन-तीन आठवडे दात जागचा हलत नाही आणि दुखतो मात्र खूप.

म्हणून एका दातासाठी लागणारा जोर अगदी थोडा असतो. साधारण 50 ते 100 ग्रॅम वजनाचा, म्हणजे अर्धा ते एक न्यूटन. शेंगदाणे चावताना दाढांवर याच्या कितीतरी पट जोर येतो. मग चावण्याने दात का सरकत नाहीत? कारण तो जोर क्षणभराचा असतो. हाडाच्या पेशींना जागे करायला जोर दिवसातून काही तास तरी टिकावा लागतो. जिभेचा आणि ओठांचा दाब अगदी हलका, पण तो सतत असतो. त्यामुळे दातांची जागा ठरवण्यात त्याचा वाटा मोठा. मोठेपणापर्यंत अंगठा चोखणाऱ्या मुलाचे पुढचे दात बाहेर का येतात, हेही यावरून ध्यानात येईल.

हलका आणि सतत जोर दिला, तर दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. सहा-सात मिलिमीटरची फट भरायची, वाकलेली मुळे उभी करायची, वरच्या-खालच्या दाढा जुळवायच्या, या सगळ्याला मिळून दीड-दोन वर्षे का लागतात याचा हिशेब इथेच लागतो. आता यापुढे कोणत्याही साधनाबद्दल ऐकले, की आपण एकच प्रश्न विचारायचा. हे साधन हलका आणि सतत जोर कसा देते?

पारंपरिक तारा : गुण आणि जाच

अमेरिकेतील एडवर्ड अँगल याने 1899 साली दातांच्या वाकडेपणाचे वर्गीकरण मांडले आणि पुढे 1928 पर्यंत ब्रॅकेट व तार यांची जी रचना सिद्ध केली, तिचाच वंश आजही चालू आहे. प्रत्येक दातावर खाच असलेला एक छोटा तुकडा, म्हणजे ब्रॅकेट, बसवायचा. खाचांतून एकच कमानीसारखी तार न्यायची आणि बारीक तारेने किंवा रबराच्या कडीने ती बांधायची. वाकड्या दातापाशी तार वाकते. ती सरळ होऊ पाहते आणि दाताला बरोबर ओढते. पूर्वी प्रत्येक दाताभोवती धातूचे कडे बसवावे लागे. मायकेल ब्युओनोकोर याने 1955 साली दाखवून दिले, की फॉस्फोरिक आम्लाने दाताचे कवच किंचित खरखरीत केले तर त्यावर प्लॅस्टिकचे द्रव्य पक्के चिकटते. त्यानंतर ब्रॅकेट थेट दातावर चिकटवता येऊ लागले.

या साधनाचा मोठा गुण म्हणजे ते चोवीस तास काम करते. मुलाच्या आठवणीवर आणि लहरीवर काही अवलंबून राहत नाही. अवघड वळलेले दातही ते आणू शकते आणि खर्च तुलनेने कमी येतो. पण जाचही आहेत.

सर्वांत गंभीर जाच स्वच्छतेचा. ब्रॅकेटच्या कडेला आणि तारेखाली अन्न अडकते. तिथले जीवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. दाताजवळची आम्लता वाढून सामू 5.5 च्या आसपास किंवा खाली गेला, की कवचातील कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतात. वर्षभराने ब्रॅकेट काढले, तर त्याच्या भोवती खडूसारखे पांढरे डाग दिसतात. ही किडीची पहिली पायरी आहे. दात सरळ झाले, पण डागाळले, असे होऊ शकते.

हे वर्गात दाखवणे सोपे आहे. मोठ्या दातांचा एक कंगवा घ्या. अर्ध्या कंगव्यात दातांच्या आतबाहेर जाड दोरा ओवा. सगळ्या कंगव्याला ओली कणीक चोळा आणि जुन्या ब्रशने तीस सेकंद घासा. मोकळा भाग साफ होतो. दोऱ्याकडचा भाग साफ करायला किती वेळ लागतो तो मोजायला सांगा. तारा असलेल्या मुलाला रोज रात्री एवढे जास्तीचे काम असते.

बाकीचे जाच परिचयाचे आहेत. तार घट्ट केल्यावर दोन-चार दिवस दात ठणकतात. गालाला आणि ओठाला आतून घासून फोड येतात. त्यासाठी ब्रॅकेटवर मऊ मेण लावतात. चिक्की, ऊस, भाजलेले कणीस, कडक पेरू यांनी ब्रॅकेट निघते. चार ते सहा आठवड्यांनी दवाखान्याची फेरी असते आणि गावाकडच्या पालकांना त्यासाठी दिवसाची मजुरी सोडावी लागते. काहींना निकेलची ॲलर्जी असते. आणि दिसण्याचा प्रश्न आहेच. तो लटका नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षी हसताना तोंडावर हात धरणाऱ्या मुलीला तो किती खरा आहे, हे शिक्षकाइतके कोणाला ठाऊक असेल?

तारेतच झालेला बदल

पोलादी तारेची अडचण समजायला एक प्रयोग करा. लवचीक प्लॅस्टिकची फूटपट्टी टेबलाच्या कडेवर घट्ट दाबून धरा. ती कडेबाहेर 10 सेंटिमीटर येऊ द्या आणि टोकाला एक छोटे वजन टांगा. टोक किती खाली गेले ते मोजा. आता पट्टी 20 सेंटिमीटर बाहेर काढा आणि तेच वजन टांगा. लांबी दुप्पट, पण झुकाव जवळजवळ आठपट होतो. झुकाव लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. याचा अर्थ, दोन ब्रॅकेटमधले अंतर थोडे असेल तर तीच तार फार ताठ वागते. थोडी वाकवली तरी मोठा जोर देते आणि दात जरासा सरकला की तिचा जोर ओसरतो. सुरुवातीला जास्त आणि नंतर काहीच नाही, हे हाडाला हवे असते त्याच्या नेमके उलट. म्हणून दंतवैद्य पोलादी तारेत छोटे फास वळवून तिची लांबी वाढवत असत.

यावर उत्तर आले ते नौदलाच्या प्रयोगशाळेतून. 1960 च्या सुमारास अमेरिकेत नेव्हल ऑर्डनन्स लॅबोरेटरीमध्ये विल्यम ब्यूलर निकेल आणि टायटॅनियम यांच्या संमिश्रावर काम करीत होते. त्याला नायटिनॉल हे नाव पडले. निकेलचे 'नी', टायटॅनियमचे 'टाय' आणि प्रयोगशाळेच्या नावाची आद्याक्षरे 'नॉल'. ही तार खूप वाकवली तरी कायमची वाकत नाही. ताणाखाली तिच्या स्फटिकाची रचनाच बदलते आणि ताण गेला की ती पूर्वपदावर येते. आयोवा विद्यापीठातील जॉर्ज अँड्रिसन यांनी 1970 च्या दशकात ती दंतोपचारात आणली. तिच्या पुढच्या सुधारित प्रकारांचा गुण असा, की दात बराच सरकेपर्यंत जोर जवळजवळ सारखा आणि हलका राहतो. आज ब्रॅकेट लावल्यावर बहुधा हीच तार प्रथम घालतात. बाहेरून पाहणाऱ्याला फरक दिसत नाही, पण उपचार सुसह्य करण्यात या तारेचा वाटा फार मोठा आहे.

न दिसणारी किंवा कमी दिसणारी साधने

दातांच्या रंगाचे सिरॅमिक ब्रॅकेट 1980 च्या दशकात आले. ते ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, म्हणजे माणिक आणि नीलम ज्या द्रव्याचे असतात त्याचेच असतात. ते लांबून दिसत नाहीत. पण ते दाताच्या कवचापेक्षा कठीण असल्याने समोरचा दात त्यावर घासला तर दातच झिजतो. ते ठिसूळ असतात आणि तार त्यांतून पोलादी ब्रॅकेटइतकी सहज घसरत नाही. शिवाय ब्रॅकेट पांढरे राहिले तरी त्यावरच्या पारदर्शक रबरी कड्या हळदीने पिवळ्या होतात. आमटी-भात खाणाऱ्या आपल्या मुलांना हे लवकर कळते.

दाताच्या आतल्या, जिभेकडच्या बाजूला ब्रॅकेट लावण्याची पद्धत 1970 च्या दशकात जपानमध्ये किन्या फुजिता आणि अमेरिकेत क्रेव्हन कर्झ यांनी विकसित केली. बाहेरून काहीच दिसत नाही. पण जीभ घासते, सुरुवातीला उच्चार अडखळतात आणि स्वच्छता अधिकच अवघड होते. आतली कमान लहान असल्याने दोन ब्रॅकेटमधले अंतरही कमी असते. फूटपट्टीचा प्रयोग आठवला, तर इथे तार जास्त ताठ का वागते हे मुले स्वतः सांगतील.

तार बांधायला रबर न लागणारी, स्वतःची झडप असलेली ब्रॅकेटही मिळतात. त्यांनी दवाखान्यात तार बदलण्याचा वेळ वाचतो. उपचाराचा एकूण काळ बराच कमी होतो हा दावा मात्र तुलनात्मक चाचण्यांत टिकला नाही. दातांना कंपने देऊन वेग वाढवण्याच्या उपकरणांचीही गत तीच झाली.

पारदर्शक साचे

सगळ्यांत जास्त बोलबाला आहे तो पारदर्शक साच्यांचा, म्हणजे अलाइनरचा. कल्पना जुनी आहे. हॅरल्ड केसलिंग यांनी 1945 साली दात थोडेथोडे सरकवण्यासाठी रबरी साच्याचा वापर सुचवला होता. पण प्रत्येक टप्प्यासाठी हाताने नवा साचा करणे व्यवहार्य नव्हते. स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकलेल्या झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ यांनी 1997 साली अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी काढून संगणकाच्या साह्याने ते शक्य केले. 'इन्व्हिझलाइन' हे नाव त्यांचेच. आता इतर कंपन्याही असे साचे करतात.

दातांचा माप-ठसा किंवा प्रकाशकिरणांनी घेतलेली प्रतिमा संगणकात घालतात. आजची स्थिती आणि हवी ती स्थिती यांच्यामध्ये अनेक टप्पे पाडतात. बहुधा प्रत्येक टप्प्याची प्रतिकृती त्रिमितीय छपाईने बनवतात आणि तिच्यावर तापवलेला प्लॅस्टिकचा पातळ पत्रा बसवून साचा घेतात. एक साचा दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवतो. आठवड्या-दोन आठवड्यांनी पुढचा साचा घालायचा. पाव मिलिमीटर हा आकडा पाहा. दंतबंधाची रुंदीही तेवढीच! हाडाला झेपेल एवढेच पाऊल टाकायचे, ही अट इथेही सुटलेली नाही.

फायदे खरे आहेत. साचा काढून नेहमीसारखे दात घासता येतात. त्यामुळे हिरड्या निरोगी राहायला मदत होते. तोंडात फोड कमी येतात. चिक्की खाता येते. सहज दिसत नाही.

पण मर्यादाही आहेत. साचा रोज 20 ते 22 तास घालावा लागतो. डबा खाताना काढायचा, चूळ भरायची, पुन्हा घालायचा. गरम चहा तो घालून प्यायचा नाही, कारण प्लॅस्टिकचा आकार बिघडतो. सरबत पिऊन तसाच ठेवला, तर साखर दातालाच चिकटून बसते आणि लाळेला तिथवर पोचता येत नाही. सुळे आणि उपदाढा गोल असतात. त्यांना फिरवताना गुळगुळीत साचा निसटतो, म्हणून दातांवर प्लॅस्टिकचे छोटे उंचवटे चिकटवावे लागतात. हिरडीत दडलेला दात खाली ओढायचा असेल किंवा जबड्यांतच मोठी विसंगती असेल, तर बहुधा तारांकडेच वळावे लागते. खर्च जास्त असतो आणि एका उपचारात प्लॅस्टिकचे कितीतरी साचे कचऱ्यात जातात.

न्यूटनचा तिसरा नियम तोंडात

आणखी एक साधन शिक्षकांना विशेष आवडेल. पुढचे दात मागे ओढायला त्यांना मागच्या दाढांशी जोडले, तर दाढाही पुढे येतात. क्रियेला तेवढीच प्रतिक्रिया! पूर्वी यासाठी डोक्याभोवती पट्टा बांधून आधार घेत. आता हिरडीतून हाडात दीड-दोन मिलिमीटर जाडीचा टायटॅनियमचा छोटा स्क्रू बसवतात आणि त्याला धरून दात ओढतात. स्क्रू दातासारखा का सरकत नाही? कारण त्याच्याभोवती दंतबंध नाही. दाब ओळखून हाडाच्या पेशींना हाक देणारा थरच नाही. कधी तो सैल होतो, पण हाडातून वाट काढत जात नाही. दात सरकण्याचे रहस्य दंतबंधात आहे, याचा हा बोलका पुरावा.

साधन बदलले, हाड तेच

आता पालकांच्या प्रश्नाकडे येऊ. तारांचे काही तोटे तारांचे आहेत. ते साधन बदलले की कमी होतात. पण काही तोटे दात सरकवण्याचेच आहेत. ते साधनाबरोबर जात नाहीत. हाड विरघळवताना मुळाचे टोकही थोडे झिजू शकते. बहुतेकांत ते नगण्य असते, थोड्यांत गंभीर. म्हणून उपचाराआधी आणि अधूनमधून क्ष-किरण चित्र पाहावे लागते. हिरडीतले लवचीक तंतू नव्या जागेला रुळायला वर्षभर किंवा जास्त लागते. तोवर ते दाताला मागे खेचत राहतात. म्हणून तारा निघाल्यावर जागा राखणारी पट्टी वापरावीच लागते. ती सोडली, की दोन वर्षांची मेहनत हळूहळू वाया जाते.

म्हणूनच, कोणाच्याही तपासणीशिवाय घरबसल्या साचे मागवण्याचा मार्ग धोक्याचा आहे. अमेरिकेत 2014 साली निघालेली स्माइलडायरेक्टक्लब ही कंपनी टपालाने साचे पाठवीत असे. सप्टेंबर 2023 मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली आणि डिसेंबरमध्ये ती बंद पडली. अनेक ग्राहकांचे उपचार अर्ध्यावर राहिले. पण कंपनी चालू राहिली असती तरी मूळ आक्षेप उरतोच. हिरडीला सूज आहे का, मुळे आखूड आहेत का, हाड किती आहे, हे दातांच्या वरच्या ठशावरून कळत नाही. आणि सरकायचे असते ते मूळ.

शिक्षकांनी काय करावे?

प्रत्येक वाकडा दात हा रोग नव्हे. किंचित आडवातिडवा दात घेऊन माणसे आयुष्यभर छान जेवतात आणि हसतात. पण वरचे पुढचे दात फार बाहेर असतील तर खेळताना पडून ते तुटण्याचा धोका जास्त असतो. खालचे दात वरच्यांच्या पुढे येत असतील, दुधाची दाढ किडीने वेळेआधीच पडली असेल, कायमचे दात येऊ लागल्यावरही मूल अंगठा चोखत असेल किंवा सतत तोंडाने श्वास घेत असेल, तर सात ते दहा वर्षांच्या वयात पालकांना एकदा दंतवैद्याकडे पाठवा. हाड वाढते असताना काही गोष्टी सोप्या जातात. खर्चाची अडचण असेल, तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत चौकशी करायला सांगा.

ज्यांच्यावर उपचार चालू आहेत, त्यांना डबा खाल्ल्यावर चूळ भरायला दोन मिनिटे द्या. साचा कागदात गुंडाळून ठेवला तर तो खरकट्याबरोबर टोपलीत जातो. त्यासाठी डबी आणायला लावा. तार घट्ट केल्याच्या दुसऱ्या दिवशी मोठ्याने वाचायला उठवू नका. आणि 'तारवाली' किंवा 'दातऱ्या' अशी नावे वर्गात ऐकू आली, तर तो तास थोडा बाजूला ठेवून कंगवा, दोरा आणि फूटपट्टी काढा. ज्या मुलीला चिडवतात, तिच्या तोंडात या क्षणी हाड विरघळते आहे आणि नवे हाड बांधले जाते आहे, हे कळल्यावर वर्गाचे प्रश्न बदलतात. त्यांची उत्तरे मग तिलाच देऊ द्या.